सडक मोजली तो हिवाळा

बाजारात ओल्या तुरीच्या शेंगा आल्या की घरातलं एक काम आपोआप माझ्याकडे येतं. रविवारी सकाळी बाल्कनीत उन्हाला पाठ देऊन बसायचं आणि सोले काढायचे. सोले म्हणजे तुरीचे ओले, हिरवे दाणे. ज्याने सोलेभात खाल्लेला नाही, त्याला याहून जास्त समजावून सांगण्यात अर्थ नाही. नागपुरातल्या बेसाकडच्या आमच्या फ्लॅटच्या बाल्कनीत या दिवसांत ऊन साडेनऊला येतं आणि पावणेअकराला समोरच्या इमारतीमागे जातं. सव्वा तासाचं ऊन. तेवढ्या वेळात माझ्या एक किलो शेंगांपैकी पाऊण किलो उरकतात. बाकीच्या थंडीत.

"अहो, सोलून राहिले का मोजून राहिले?" बायको आतून विचारते.

मी दोन्ही करत असतो. एका शेंगेत बहुतेक चार दाणे निघतात. पाच निघाले की उगाच बरं वाटतं.

या वर्षी एका रविवारी शेंगा सोलताना खाली पाहिलं, तर रस्त्याकडेच्या खांबावर दोन माणसं शिडी लावून कॅमेरा बसवत होती. शेंगांची टोपली तशीच ठेवून मी खाली गेलो. चौकीदाराला विचारलं, तर तो म्हणाला, "गाड्या मोजाच्या हाय साहेब. सात दिवस."

"कोणी बसणार नाही का मोजायला?"

"माणूस काहून बसन? थंडीचा? मशीन मोजते ना."

मी वर आलो. ऊन गेलं होतं. टोपलीत शेंगा उरल्या होत्या आणि माझ्या डोक्यात तीस वर्षांपूर्वीचा एक हिवाळा सुरू झाला होता, ज्यात सात दिवस, सकाळी सहा ते दुपारी दोन, मशीनच्या जागी मी बसलो होतो.

माझं गाव पडावखेडी. नागपूरहून आग्नेयेला जाणाऱ्या जुन्या सडकेवर. सगळे नुसतं खेडी म्हणतात. पण खरा इतिहास 'पडाव' या पहिल्या शब्दात आहे. नागपूरच्या जुन्या बाजारातून भरलेली बैलबंडी पहाटे निघाली की दिवेलागणीला बैल जिथे थकत, तिथे आमचं गाव आहे. इतर गावांना आधी नदी असते, देऊळ असतं, पाटलाचं घर असतं आणि मग कधीतरी रस्ता येतो. आमच्याकडे आधी सडक आली. सडकेवर बैल थकले. थकलेल्या बैलांसाठी विहीर खणली, विहिरीजवळ चिंचा लावल्या. चिंचांखाली कोणीतरी सरकी आणि चण्याचं दुकान टाकलं. मग बैलांच्या खुरांना पत्र्या ठोकणारा आला, चाकं दुरुस्त करणारा सुतार आला. उमरेडकडून हातमागवाली काही घरं आली, कारण मुक्कामाला थांबलेला माणूस घरी जाताना लुगडं नेतो हे त्यांनी हेरलं होतं. नागपुरात दीक्षा झाली त्यानंतर सडकेच्या खालच्या टोकाला विहार उभा राहिला आणि त्याच्या अंगाने घरांची रांग अजून पुढे गेली. गाव असं टोकाकडून वाढत गेलं, वेलीसारखं. विद्यार्थी असताना मी ते पावलांनी मोजलं होतं. वरच्या चिंचेपासून विहारापर्यंत एक हजार चारशे साठ पावलं. आणि सडकेच्या दोन्ही बाजूंना खोली किती, तर दोन घरं, फार तर तीन. त्यामागे वावरं. आमच्या गावाला लांबी होती, रुंदी नव्हती.

त्यामुळे आमच्याकडे पूर्व-पश्चिम कोणाला कळत नसे. दिशा दोनच. नागपूरकडची ती 'वरते', तिच्या उलट 'खालते'. सोयरीक जुळवतानाही लोक विचारत, पोरगी वरल्या अंगाची का खालल्या अंगाची. सगळ्या घरांची दारं सडकेकडे, आणि प्रत्येक ओट्यावर एक रांजण. तो घरच्यांसाठी नसे, जाणाऱ्या-येणाऱ्यासाठी असे. घरातलं पाणी संपलं तरी ओट्यावरच्या रांजणातून घेत नसत. बैलबंड्या कमी होऊन ट्रक वाढले, ट्रकवाले रांजणाकडे बघेनासे झाले, तरी घरोघरी तो सकाळी भरला जाई. आम्ही निजायचो ते सडकेच्या आवाजावर. परीक्षेसाठी मी पहिल्यांदा नागपूरला मामाकडे राहिलो, तेव्हा जरीपटक्यातल्या त्या आतल्या गल्लीत मला शांततेमुळे झोप आली नव्हती.

हा सगळा इतिहास मला आत्ता नव्याने लिहावा लागला, त्याला कारण खेडीच्या शाळेची स्मरणिका. मुख्याध्यापिकाबाईंनी फोन केला. "सर, गावाचा इतिहास तुम्हीच लिहा. बाकीचे आठवणी लिहितात. तुमच्याजवळ आकडे असतात." मला दोन पानं दिली होती. विहीर झाली, चिंचा झाल्या, माग झाले, पहिली मोटार झाली. दीड पान भरलं आणि मी अडकलो. कारण पुढचं वाक्य असं यायला हवं होतं की, अमुक वर्षी सडक गावाबाहेरून गेली. आणि ती का गेली हे मला माहीत होतं. गावात ते दुसऱ्या कोणाला माहीत नव्हतं.

गावाला माहीत होतं ते असं, की त्या वेळच्या कोण्या पुढाऱ्याने आपल्या सोयीसाठी सडक पळवली. तेव्हापासून हेच सांगितलं जातं. गिरजाकाकूही हेच सांगते. मी तिच्याकडे दर हिवाळ्यात जातो, तिच्या हातचं खातो, ती त्या पुढाऱ्याला शिव्या देते आणि मी खाली मान घालून जेवतो. स्मरणिका छापून आली की तिची नात तिला पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचून दाखवणार, हे मला ठाऊक होतं. खरं लिहिलं तर ते तिला छापील कागदावरून कळणार. नाही लिहिलं तर आकडे जवळ असलेल्या माणसाने लिहिलेला इतिहास खोटा होणार. ब्याऐंशी वर्षांच्या बाईला या वयात हे सांगायचं की नाही, याच एका प्रश्नावर माझे पंधरा दिवस गेले.

गिरजाकाकूचं हॉटेल सडकेच्या बरोबर मध्यावर होतं. हॉटेल म्हणजे पुढे कढई, बाजूला भट्टी आणि पाच बाकडी. तिचा नवरा नामदेवकाका विणकर. त्याला लकवा झाल्यावर मागच्या खोलीतला माग बंद पडला आणि पुढे कढई चढली. आलूबोंडा, भजी, तर्री, चहा. काकू उंच होती, आवाज त्याहून उंच. नागपूरच्या बसचे ड्रायव्हर तिला भीत. चहा मिळायच्या आधीच कोणी हॉर्न वाजवला तर ती तिथूनच म्हणे, "वाजव, अजून वाजव! चहा काय पळत येऊन राहिला तुह्याकडे?"

मी बी. एस्सी. होऊन घरी बसलो होतो. सरकारी बांधकाम खात्याच्या कार्यालयातून रोजंदारीवर मोजणीदार हवे होते, आणि माझं गाव सडकेवरच असल्यामुळे खेडीची सकाळची पाळी मला मिळाली. बाकीच्या दोन पाळ्यांना नागपूरहून दोघे येत. काम सोपं होतं. कागदावर रकाने आखलेले होते. ट्रक, बस, मोटार, मोटारसायकल, सायकल, बैलबंडी. समोरून वाहन गेलं की त्याच्या रकान्यात एक उभी रेघ. चार रेघांवर पाचवी आडवी. तास बदलला की नवी ओळ.

सकाळी सहाला सडकेवर इतकं धुकं असे की वाहन आधी ऐकू येई आणि मग दिसे. बोटं गारठलेली असत, पेन्सिल धरवत नसे. संत्र्याचे ट्रक जात. ते डोळे मिटूनही कळत, ट्रकच्या पुढे पेंढ्याचा आणि संत्र्याच्या सालीचा वास येई आणि तो गेल्यावरही हवेत राही. कापसाच्या बंड्या सरकी काढायला जिनाकडे जात आणि चिंचांच्या खालच्या फांद्यांना कापसाचे पुंजके लागून राहत. पोट्टे ते बोरांसारखे तोडून घेत. साडेआठला धुकं फाटे. मग एकदम सगळं दिसे. ओले रांजण, झाडलेले ओटे, विहाराकडून शाळेत निघालेल्या मुली, वर-खाली पसरलेलं माझं सरळ गाव. मी ते बावीस वर्षं बघत आलो होतो, पण एका जागी बसून आठ तास कधी बघितलं नव्हतं. त्या दिवसांत मला कळलं की गाव बघायचं असेल तर त्यातून जाणारं काहीतरी मोजत बसावं.

अकराच्या सुमाराला गिरजाकाकू स्वतः सडक ओलांडून येई. हातात जर्मनच्या, म्हणजे ॲल्युमिनियमच्या, ताटलीत भाकर आणि सोल्यांची आमटी.

"जेव."

"काकू, मला उठता येत नाही."

"तुले उठ कोण म्हणते? बसून जेव. मी पायतो सडकेकडं. ट्रक आला का सांगतो."

आणि ती खरोखर माझ्या बाजूला उभी राहून सांगे. "ट्रक. सायकल. अजून एक सायकल. हा पायी हाय, याले लिवू नको." बाकी बाई निरक्षर, पण मोजणीत तिची एकही चूक निघाली नाही.

मोजणीच्या दुसऱ्या दिवशी, पाळी संपल्यावर मी हॉटेलात चहा घेत होतो. कोणीतरी बातमी आणली होती की ही मोजणी सडक रुंद करायसाठी आहे. वाहनं भरपूर निघाली तर गावात बसस्टँड होईल. कमी निघाली तर सडक नदीपलीकडच्या गावांतून नेतील. ही बातमी कुठून आली, कोणी आणली, मला आजही माहीत नाही. तिच्यातला कोणताही भाग खरा नव्हता.

"किती झाल्या गा आज?" शंकरभाऊने मला विचारलं. शंकरभाऊची बंडी गावातली सगळ्यात मोठी.

"सांगता येत नाही, भाऊ. नियम आहे."

"सांगता येत नाही म्हंजे कमीच असन," तो बाकीच्यांना म्हणाला. कढईतलं तेल तेवढं वाजत होतं.

"कमी भरल्या तं सडक जाईन म्हणते ना?" काकू झारा हातात घेऊनच वळली. "मंग तुमच्या बंड्या गोठ्यात काय अंडे घालून राहिल्या? जुंपा ना!"

"रिकामी बंडी कुठी नेऊ वं वैनी?"

"वरते जाय, खालते ये. सडक काय झिजून राहिली?"

लोक हसले. मीही हसलो. चहा संपवून घरी गेलो.

तिसऱ्या दिवशी सकाळी धुक्यातून पहिली बंडी आली, शंकरभाऊची. रेघ मारली. तिच्यामागे दुसरी. मग तिसरी. पाऊण तासाने शंकरभाऊ पुन्हा वरून आला. मागच्या वावरांतून वळसा घालून त्याने बंडी परत सडकेवर घातली होती. माझ्यापुढे येताच त्याने कासरा ओढला.

"लिवली काय गा बाबू?"

"लिहिली."

"नीट दिसली ना? धुकं हाय. नाही तं मागं घेतो अन् परत येतो."

खेडीत त्या वेळी बत्तीस बंड्या होत्या. त्या दिवसापासून सात दिवस पुरे होईपर्यंत त्यातल्या बहुतेक रस्त्यावर होत्या. नुसत्या रिकाम्या बंड्या फिरवायला लोकांना लाज वाटू लागली, म्हणून ते त्यात काहीबाही घालू लागले. रिकामे ड्रम. शेळ्या. शाळेचे फळे. मग माणसं बसू लागली. म्हाताऱ्या बायका धुतलेली लुगडी नेसून बसल्या. ज्या बाईने लग्नाच्या वरातीनंतर सडकेचं दुसरं टोक पाहिलं नव्हतं, ती विहारापर्यंत जाऊन आली. वरल्या अंगाच्या माणसांनी खालल्या अंगाला हात हलवले. कोणी चुलत्याशी बारा वर्षांनी बोललं, कारण दोघांच्या बंड्या समोरासमोर अडकल्या. बैलांना घुंगरं बांधली गेली. आणि प्रत्येक बंडी माझ्यापुढे आली की एकच आवाज, "लिव गा बाबू!"

मी मोजत होतो. पण मला बोचत होतं. चौथ्या दिवशी नागपूरहून साहेब पाहणीला आले, तेव्हा मी उठून विचारलं, "साहेब, तीच बंडी सहा वेळा गेली तर सहा रेघा मारायच्या का?"

साहेबांनी माझा कागद पाहिला. "यात गाडीमालकाचं नाव लिहायचा रकाना आहे?"

"नाही."

"मग गाडी गेली की रेघ मारा. तुम्ही मोजा. विचार वर होतो."

मी सगळ्या रेघा मारल्या. एकही कमी नाही, एकही जास्त नाही. आयुष्यात मी केलेल्या कामांपैकी इतकं बिनचूक काम दुसरं नसेल.

पुढची दोन वर्षं काही झालं नाही. मग वावरांत चुन्याच्या खुणा आणि खुंट्या दिसू लागल्या. त्या बसस्टँडसाठी आहेत असं समजून गावाने खुंट्यांना नारळ फोडला. खुंट्या गावापासून दूर दूर जाऊ लागल्या, तेव्हाही लोक म्हणत, बसस्टँड मोठा दिसतो. सडक गावाला वळसा घालून पलीकडे निघाली, ट्रक तिकडून धावू लागले, आणि पहिल्या महिन्यात बायकांना बरंच वाटलं. धूळ कमी झाली. मग बसही आत यायची बंद झाली. बाहेर पाटी लागली, 'पडावखेडी फाटा'. नागपूरच्या बसमधून उतरलं की दोन किलोमीटर चालायचं आणि मग आमचं गाव सुरू व्हायचं, ज्याची सगळी दारं आता कोणीच जात नाही अशा सडकेकडे उघडत होती. सुताराने दुकान फाट्यावर हलवलं. चण्याचं दुकान बंद झालं. पाच बाकड्यांचं हॉटेल तीनवर आलं, मग एकावर. शेवटी काकूने कढई उतरवली.

मला पुढे बांधकामाच्याच एका कार्यालयात कायमची नोकरी लागली. तिथे एकदा जुन्या फायली लावताना खेडीची टिपणी हाती आली. गावातून जाणारी वाहतूक गावाच्या सोसण्यापलीकडे आहे, सबब वळणरस्ता प्रस्तावित. त्यामागे माझा तक्ता होता. आणि तेव्हा मला तो हिशेब कळला, जो मोजताना कोणी सांगितला नव्हता. सगळी वाहनं सारखी धरत नाहीत. जे वाहन हळू चालतं, रस्ता अडवतं, त्याचं वजन जास्त. एक बैलबंडी म्हणजे कित्येक मोटारी. आमच्या लोकांना वाटलं होतं की बंडी ही लहान गोष्ट, म्हणून पुष्कळ फिरवल्या पाहिजेत. सगळ्यात जड वाहन त्यांनी स्वतःच्या हाताने रकान्यात घातलं होतं.

पहिले दोन दिवस कोणी बंड्या फिरवल्या नव्हत्या, तो आकडा धरून मी तिथेच कागदावर वजाबाकी केली. फेऱ्या काढून टाकल्या तर आकडा मर्यादेच्या खाली येत होता. फार खाली नाही, थोडासाच. म्हणजे वळणरस्ता आज ना उद्या झालाच असता. आठ वर्षांनी, दहा वर्षांनी. मनाची समजूत घालायची असेल तर हे पुरेसं आहे. पण दहा वर्षं म्हणजे एका हॉटेलाचं अर्धं आयुष्य असतं, हेही मला मोजता येतं.

तर पंधरा दिवस विचार करून एका रविवारी मी खेडीला गेलो. सोबत माझी कच्ची वही घेतली. पक्के तक्ते कार्यालयात जमा होत, पण जसंच्या तसं मी घरच्या वहीत उतरवून ठेवत असे, चूक निघाली तर दाखवायला म्हणून. तीस वर्षांत ती कोणी मागितली नव्हती.

जुनी सडक आता आमच्या गावाचं अंगण झाली आहे. वाईट वाटावं की बरं, ठरवता येत नाही. मधोमध कोणाच्या मूगवड्या वाळत होत्या. कुत्री आडवी निजली होती. मुलांनी तीन विटांचा स्टंप मांडला होता आणि त्यांना अर्धा तास कोणासाठीही खेळ थांबवावा लागला नाही. गिरजाकाकू हॉटेलच्या जागेपुढे बाजेवर उन्हात बसली होती. उंची वाकून गेली आहे, आवाज तेवढाच आहे.

"आला काय गा? बायकोले नाही आणलं?"

"नाही. तुझ्याशी बोलायचं होतं."

"बोल ना मंग. मी काय बसमध्ये चढून राहिली?"

मी सांगितलं. बंड्यांपासून फाइलीपर्यंत सगळं. तिचे हात थांबले. बाजेवर पसरलेल्या चिंचेचे चिंचोके ती काढत होती, ते तसेच राहिले. मी पुढाऱ्याचा काही संबंध नव्हता हे सांगितलं, तेव्हा तिने एकदा माझ्याकडे पाहिलं.

"अन् बंड्या जुंपा, मी म्हटलं होतं," ती हळूच म्हणाली.

"तू सहज म्हणाली होतीस, काकू. रेघा माझ्या होत्या."

"म्हंजे माह्याच तोंडानं गेली सडक." तिने डोक्यावरचा पदर उगाच पुढे ओढला. "बाप्पा. अन् मी त्या मेल्याले इतके वर्षं शिव्या देऊन राहिली."

पोरांचा चेंडू बाजेखाली आला, एकाने वाकून काढून नेला. मला वाटलं, मी येऊन चूक केली. एका म्हातारीजवळ होतं ते एक सोयीचं कारण मी काढून घेतलं, आणि बदल्यात काय दिलं, तर एक बरोबर उत्तर.

म्हणून मी घाईने म्हणालो, "हे बघ, मी लेखात कोणाचं नाव टाकत नाही. आणि आकडाही दुरुस्त करून देतो. वही आहे माझ्याजवळ. पहिल्या दोन दिवसांवरून फेऱ्यांच्या बंड्या किती ते काढता येतं. खोट्या वजा करतो, खऱ्या तेवढ्या लिहितो."

"खोट्या?"

ती ताठ झाली. चहासाठी हॉर्न वाजवणाऱ्या ड्रायव्हरकडे ती अशीच बघायची.

"खोट्या कशाच्या गा? चाकं नव्हते त्याले? बैल नव्हते? माणसं बसून होते ना त्यात! तुले दिसले नाही काय?"

"मी चाकं बघत होतो, काकू. माणसं नाही."

"तरीच." ती म्हणाली. "तरीच तू आमच्या बुढ्याकडं पायलं नाही. मले त्या दिवशी रागच आला होता तुह्या."

मला कळेना.

"सहाव्या दिवशी. शंकर आला, म्हणे वैनी, सारं गाव बसून राहिलं, नामदेवभाऊलेच काहून ठेवता? बंडीत कडबा टाकला, गादी टाकली, चौघांनी उचलून ठेवलं. दोन वर्षं तो फक्त आढं पाहून राहिला होता गा. अंगावर दोन गोधड्या, तोंड तेवढं उघडं. मले वाटलं, एक चक्कर मारीन अन् आणीन. वरते गेला, खालते आला. उतरव म्हटलं तं डोकं हलवे. अजून एक. मंग अजून एक. त्याले बोलता येत नव्हतं नीट, पण प्रत्येक घरापाशी त्या घराचं नाव घे. शंकरले समजत नव्हतं, मले समजे. मी कढई सोडली अन् चालत राहिली बंडीमागं. जाता-येता मिळून अकरा फेऱ्या. पायाले फोड आले माह्या." ती हसली. "तोही हसला. एका अंगानं. मंग उन्हाळ्यात गेला."

माझं बोट वहीच्या पानावर होतं. तिने वही स्वतःकडे ओढली.

"सहावा दिवस कोणता यात?"

मी पान काढून दिलं. सकाळी आठ ते नऊ. नऊ ते दहा. दहा ते अकरा. अकरा ते बारा. बैलबंडीचा रकाना. पेन्सिलीच्या रेघा पुसट झाल्या होत्या, पण होत्या. चार उभ्या, एक आडवी. चार उभ्या, एक आडवी. तिने डोळ्यांजवळ नेऊन पाहिलं, मग लांब धरून पाहिलं.

"त्याचा फोटो नाही माह्याजवळ. मागाचे लाकडं चुलीत गेले. याच्यात लिवला हाय म्हंजे तो. अकरा वेळा."

"हो."

"यातली कोणती रेघ हाय त्याची?"

मी रकान्यावरून नजर फिरवली. मला आकड्यांबद्दल जे काही विचारलं जातं, त्याचं उत्तर मी सहसा देऊ शकतो. इथे त्या रकान्यात त्या सकाळच्या साठावर रेघा होत्या. सगळ्या सारख्या उंचीच्या, सारख्या अंतराच्या. मी काळजीपूर्वक काढल्या होत्या.

"मले नाही सांगता येत, काकू," मी म्हणालो. नागपुरात राहून तोंडातून गेलेली भाषा कशी कोण जाणे परत आली.

तिने बोट पानावरून वरून खाली फिरवलं. एकदा, आणि परत एकदा.

"मंग साऱ्याच राहू दे," ती म्हणाली. "अन् जुंपा कोण म्हटलं, तेही लिव. नाव टाकून लिव. नातीले नीट वाचता आलं पाहिजे."

मी तिथेच बाजेवर बसून उरलेलं अर्धं पान लिहिलं. सडक का गेली ते लिहिलं, गिरजाकाकूचं नाव लिहिलं, माझंही लिहिलं. त्या आठवड्याचा आकडा होता तेवढाच लिहिला. वजाबाकी केली नाही.